चौथी गोळी

४ मार्च

बाबा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहीत नाही. आपल्यात ते उरलेलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी मी म्हणाले होते की पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही. लिहिणार नाही, असं काही म्हटलं नव्हतं. तेव्हा पोरीनं शब्द मोडला म्हणून मनातल्या मनात खूश होऊ नका.

बातमी अशी की मला बारावा आठवडा चालू आहे. आणि कालपासून मी ॲस्पिरिन घेतेय. कमी ताकदीची, इवलीशी, रोज एक, संध्याकाळचं जेवण झालं की. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घेणार आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाहीये.

गोळी तुमच्या दुकानातून आणली नाही, हे सांगायला नको. आमच्या मागच्या रस्त्याला एक नवीन औषधांचं दुकान झालंय. तिथल्या मुलीनं चिठ्ठी पाहिली, खण उघडला, पाकीट काउंटरवर टाकलं आणि म्हणाली, "अजून काही?" तोंडात च्युइंगम होतं तिच्या. तुम्ही असतात तर तिला दुसऱ्या दिवशीच घरी बसवलं असतंत. मला मात्र तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. डॉक्टरांनी जे लिहिलं होतं ते तिनं दिलं, आणि सगळं दिलं.

तुमच्या खुणा मी अक्षरांच्याही आधी शिकले. चिठ्ठीवरच्या औषधासमोर बरोबरची खूण म्हणजे दिलं. गोल म्हणजे संपलंय, उद्या येईल. आणि टिंब म्हणजे हे मला पटत नाही, आधी डॉक्टरांना फोन करतो आणि मग देतो. कानामागची लाल पेन्सिल. त्या टिंबानं तुम्ही दोन माणसं तरी वाचवलीत, आणि मी ते शाळेत ज्याला त्याला सांगत फिरले. डॉक्टर चुकतील पण माझे बाबा चुकणार नाहीत, असं माझं भाषणच ठरलेलं होतं.

मागच्या वेळी माझी चिठ्ठी दर महिन्याला तुमच्याकडे यायची. तुम्ही पुड्या करून पाठवायचात, वर तुमच्या अक्षरात 'सकाळी १', 'जेवणानंतर १'. चिठ्ठीही घडी घालून परत त्याच पाकिटात. मी पुड्या काढून घ्यायचे आणि चिठ्ठी तशीच फायलीत. चिठ्ठीत औषधं चार असायची आणि पुड्या तीन. मी कधी मोजल्याच नाहीत. बापाच्या हातच्या पुड्या कोण मोजतं?

मग अठ्ठाविसाव्या आठवड्यात माझं बीपी एकशे ऐंशीच्या वर गेलं, तोंड सुजलं, डोळ्यांपुढे ठिणग्या नाचायला लागल्या, आणि मला दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर फाइल चाळत म्हणाली, "ॲस्पिरिन कधीपासून घेताय?" मी म्हटलं, "कुठली ॲस्पिरिन?" तिनं कागद माझ्यापुढे धरला. तीन ओळींसमोर बरोबरची खूण आणि चौथीसमोर टिंब. मागचे तीन कागदही तिनं काढून दाखवले. चार महिने, चार टिंबं.

तुम्ही डॉक्टरांना फोन केला नव्हतात. मला विचारलं नव्हतंत. सांगितलंही नव्हतंत. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा गेला.

उत्तर पाठवू नका. किंवा पाठवा. उघडायचं की नाही ते मी बघेन.

— मी

२७ मार्च

बाबा,

तुमचं पाकीट मिळालं. अकरा मुद्दे, एक ते अकरा, प्रत्येकाखाली पट्टीनं रेघ. तब्येत कशी आहे, हे कुठेच नाही. कवळीवाल्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे पत्र आहे की औषधाच्या बाटलीतला कागद?" (नवऱ्याला मीही आता कवळीवालाच म्हणते. नाव तुम्ही चिडवायला ठेवलं होतंत, पण त्याला ते आवडलं. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार, असं तोच विचारतो.)

मी तो कागद फाडणार होते. मग वाटलं, का फाडायचा? दाखवू या की. आमच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून अकराच्या अकरा मुद्दे वाचले. हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर मी उठून आले असते, हेही तुम्हाला सांगून टाकते.

"तुमच्या वडिलांना औषधं कळतात," त्या म्हणाल्या. "यातलं बरंचसं खरं आहे. पण ते डोकेदुखीच्या मोठ्या गोळीबद्दल आणि शेवटच्या दिवसांबद्दल. म्हणून तर आम्ही लहान देतो आणि शेवटी बंद करतो."

मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त नेणाऱ्या नळ्या सुरुवातीच्या महिन्यांत नीट रुंदावल्या नाहीत की पुढे आईचं बीपी चढतं आणि बाळाला पुरेसं मिळत नाही. ज्या बाईला हे एकदा झालंय तिला पुन्हा व्हायची भीती जास्त. ही गोळी वेळेवर सुरू केली तर ती भीती कमी होते. "जाते असं मी म्हणत नाही. कमी होते म्हणते," असं त्या दोनदा म्हणाल्या. "आणि ही ज्याला-त्याला वाटायची गोळी नाही. तुम्हाला लागते म्हणून तुम्हाला."

मी विचारलं, "मागच्या वेळी घेतली असती तर?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माहीत नाही. कदाचित वाचला असता. कदाचित घेऊनही हेच झालं असतं."

बाबा, हे तुम्हाला कळवलं नसतं तरी माझं काही बिघडणार नव्हतं. चार वर्षं मी 'नक्की वाचला असता' यावर उभी आहे. कवळीवाल्याशी भांडले, लोकांच्या बारशांना गेले नाही, तुमची पत्रं परत पाठवली, ते सगळं त्या 'नक्की'च्या जोरावर. आता बाईंनी तिथं 'कदाचित' आणून ठेवलं, आणि मला त्यांचाच राग आला. तरी लिहून पाठवतेय, कारण लपवालपवी मला तुमच्यासारखी जमत नाही.

पण लगेच सुटकेचा नि:श्वास टाकू नका. तो वाचला असता का, हा एक प्रश्न. गोळी घ्यायची की नाही हे माझं मला ठरवू का दिलं नाहीत, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'कदाचित' नाही.

मला एकच हवंय. ज्या माणसानं खोकल्याच्या औषधासाठीसुद्धा डॉक्टरांना जेवणावरून उठवलं, त्यानं स्वतःच्या मुलीसाठी फोन का उचलला नाही? बारावा मुद्दा म्हणून लिहा. रेघ मारली नाहीत तरी चालेल.

मी अजून गाडीतच असते. दिवसाला पाच शिकाऊ. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई मला टेबलावर बसवायला बघतायत. मी म्हटलं, माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे, तुमच्या टेबलाखाली आहे का?

— मी

२२ एप्रिल

बाबा,

बारावा मुद्दा पोचला.

दोन शिकवण्यांच्या मध्ये गाडीत बसून वाचला. पुढचे शिकाऊ म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. बायको गाडी चालवायची, ती गेली, म्हणून बासष्टाव्या वर्षी शिकतायत. त्यांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "मी उद्या येऊ का?" मी म्हटलं, "बसा. आरसे बघा. पट्टा लावा." त्यांनी गाडी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वळवली.

मी सहा वर्षांची होते. आईला ताप आला आणि ती आणि पोटातलं बाळ गेलं, असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही, आत्या, शेजारचे, सगळ्यांनी एकच. माझ्याकडे तिच्या शेवटच्या दिवसांतली एकच आठवण आहे. ती तुमच्या सपाता घालून घरात फिरायची. तिच्या चपला पायात जात नव्हत्या. मला ती गंमत वाटायची.

आणि आता तुम्ही लिहिता की ताप नव्हताच. आठ दिवस डोकं ठणकत होतं. तुम्ही दुकानातून मोठी ॲस्पिरिन आणून दिलीत, दिवसातून तीनदा, आठ दिवस. नवव्या दिवशी तिला झटके आले, मग रक्त जायला लागलं ते थांबलंच नाही. दवाखान्यात कोणीतरी विचारलं, हिला रक्त पातळ व्हायचं काही दिलं होतं का, आणि तुम्ही 'नाही' म्हणालात. एकतीस वर्षं तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत. तेव्हापासून पोटुशा बाईला माझ्या हातून ॲस्पिरिन जाणार नाही, असं ठरवलंत. डॉक्टरांना फोन करायला घेतलात आणि ठेवलात, कारण ते 'का?' असं विचारतील.

मला तुमची दया आली. आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

एकतीस वर्षं एकट्यानं हे उराशी धरून बसलात, बाबा! एका खोलीत आपण दोघं जेवायचो. मी तुम्हाला शाळेतलं सगळं सांगायचे, आणि तुम्ही तेव्हा हे गिळून बसलेले असायचात. पण त्याचं भोगणं माझ्या वाट्याला का? आई गेली त्याची शिक्षा तुम्ही स्वतःला दिलीत, ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या पुड्यांत ती शिक्षा का घातलीत?

आणि अजून एक. प्रत्येक डॉक्टरनं मला विचारलंय, "आईला दिवस असताना बीपी होतं का?" मी प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगितलं, "नाही, ती तापानं गेली." म्हणजे गोळीच नव्हे, उत्तरही तुम्हीच काढून ठेवलं होतंत. मी काल दवाखान्यात जाऊन ते दुरुस्त करून आले. कारकून म्हणाली, "चार महिने झाले, आता आठवलं होय?" मी म्हटलं, "हो, आमच्या घरात सगळं जरा उशिरा आठवतं."

तुम्ही अजून दुकानात बसता. लाल पेन्सिल अजून कानामागे असेल. मग सांगा, माझ्यानंतर आणखी किती जणींच्या चिठ्ठीवर टिंब दिलंत? मला आकडा नको, मला त्या हव्यात. कोण, कुठे राहते, आत्ता तिचे किती महिने झालेत. जुन्या नकोत, या चार वर्षांतल्या. आणि आज जी कोणी असेल तिच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः फोन करायचा. का विचारलं तर का ते सांगायचं.

हे केल्याशिवाय मला लिहू नका.

— मी

२० मे

बाबा,

तुमचं काही आलं नाही. म्हणजे फोन झालेला नाही. ठीक आहे, मी वाट बघेन, तोवर माझं ऐका. आज मला दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत, आणि दोन्ही माझ्या बाजूच्या नाहीत.

पहिली. पाचव्या महिन्यानंतर एका शिकवणीत माझ्या नाकातून रक्त आलं. थोडंच, पण पांढऱ्या सदऱ्यावर पडलं की दिसतं किती! शिकाऊ पोरगी घाबरून गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून बसली, मागून भोंग्यांचा कल्ला. मी एका हातानं नाक धरलं आणि दुसऱ्या हातानं तिला बाजूला घ्यायला लावलं. रक्त पाच मिनिटांत थांबलं. पण त्या संध्याकाळी जेवल्यावर मी गोळी हातावर घेतली, आणि तुमचे अकरा मुद्दे रांगेनं डोळ्यांपुढे उभे राहिले. रक्त पातळ. रक्त थांबत नाही. आईचं थांबलं नव्हतं. मी गोळी परत पाकिटात सरकवली. दुसऱ्या दिवशीही. कोणाला सांगितलं नाही. कवळीवाल्यानं विचारलं, "घेतलीस?" तर "हो" म्हणाले. इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं पाकीट पाहिलं. दिवसभर बत्तीस दातांचा हिशेब ठेवणारा माणूस, त्याला दोन गोळ्या जास्तीच्या दिसणारच. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "भीती वाटते ना? मग बाईंना फोन कर. गोळी लपवू नकोस."

मी फोन केला. त्यांनी विचारलं, कधी आलं, किती वेळ, दुसरीकडून कुठून रक्त नाही ना. म्हणाल्या, या दिवसांत नाकातून असं येतं पुष्कळ जणींना, उद्या येऊन तपासून जा, गोळी चालू ठेवा, आणि पुन्हा आलं तर आधी मला सांगा, मनानं बंद करू नका. चार मिनिटं लागली, बाबा. घड्याळात पाहिलं मी. आणि ती चार मिनिटं बोलण्याआधी मी दोन दिवस घालवले होते. तुम्ही चार महिने घालवलेत. तुमचं बरोबर होतं असं मी अजिबात म्हणत नाही. पण तुमचं टिंब कसं पडलं असेल, ते त्या दोन दिवसांत मला कळलं. कळलं याचाही मला राग आहे.

दुसरी गोष्ट. तुमचा बारावा मुद्दा मी एप्रिलातच डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला होता. त्यांनी काय सांगितलं ते तुम्हाला चार आठवडे कळवलं नाही. मुद्दाम. मला वाटलं, एकतीस वर्षं बसलात, अजून थोडं बसा. मी हे पत्र चारदा लिहायला घेतलं आणि चारदा बाजूला ठेवलं. आता सांगते.

त्या म्हणाल्या, डोकं आठ दिवस ठणकत होतं आणि पाय चपलेत जात नव्हते, तर ते बीपीच होतं. मला झालं तेच. ते दुखणं तुमच्या गोळीनं आलं नव्हतं. दुखणं आधीपासून होतं, म्हणून तर तुम्ही गोळी दिलीत. झटके त्याच रोगाचे, आणि त्यात रक्तही जातं, गोळी न घेतलेल्या बायकांचंही जातं. मी विचारलं, "पण मोठी गोळी दिली होती त्यानं काहीच झालं नसेल?" त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त जायला थोडा हातभार लागला असेल किंवा नसेल. कागदपत्रांशिवाय मी सांगू शकत नाही. पण मारलं ते बीपीनं. त्या आठ दिवसांत एकदा कोणी दंडाला पट्टा बांधून बघायला हवं होतं. ते काम औषधवाल्याचं नव्हतं."

घ्या. तुम्ही आईला मारलं नाहीत. कदाचित थोडंसं, कदाचित मुळीच नाही. आता तुम्हीही माझ्यासारखे 'कदाचित'वर उभे राहा. फार टोचतं ते, पण त्यावर उभं राहता येतं.

मला हे सांगायचं नव्हतं. तुमचा चेहरा हलका होईल, ते मला नको होतं. काल मात्र बाळानं पहिल्यांदा अशी लाथ मारली की माझ्या मांडीवरची शिकाऊंची यादी खाली पडली. तेव्हा वाटलं, सांगून टाकू या.

— मी

२६ जून

बाबा,

अठ्ठावीस आठवडे आणि दोन दिवस. मागच्या वेळी मुलगा गेला तो दिवस ओलांडला.

त्या दिवशी मी घरी झोपून राहावं असं सगळ्यांचं मत होतं. मालकीणबाईंचं, सासूबाईंचं, कवळीवाल्याचंसुद्धा. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, बीपी ठीक आहे, थकू नका, बाकी तुमची मर्जी. मी तीन शिकवण्या घेतल्या. त्या तारखेला भिऊन अंथरुणात पडायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दुपारी दवाखान्यात जाऊन पट्टा बांधून घेतला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. सिस्टरला दोनदा मोजायला लावलं. ती म्हणाली, "मशीन बरोबर आहे हो बाई." मी म्हटलं, "असेल, तरी पुन्हा." मग दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. एक वॉर्डातली बाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही झालं, म्हणूनच."

तुमचं पत्र वाचलं. चार वर्षांत सहा जणी. पाच जणींची बाळंतपणं झाली आणि पाचही बाळं धडधाकट आहेत. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि मग थोडं वाईट वाटलं की माझंच का नाही. असं वाटतं माणसाला. तुम्ही प्रत्येकीच्या दारात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. चौघींनी ऐकून घेतलं, एकीनं तोंडावर दार लावलं. लावू द्या. तिचा हक्क आहे तो.

सहावी, ती शिवणकाम करणारी, पंधराव्या आठवड्यात आहे म्हणता. तिच्या डॉक्टरांना तुम्ही फोन केलात. त्यांनी 'का?' विचारलं आणि तुम्ही सांगितलंत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका डॉक्टरला. ते म्हणाले, "बरं, आता देऊन टाका," आणि तुम्ही दुकान उघडं टाकून तिच्या घरी गोळी पोचवून आलात.

मी शाब्बास म्हणणार नाही. हे तुमचं कामच होतं. पण पत्र मी दोनदा वाचलं, एवढं सांगते.

येऊ का, असं शेवटी विचारलंत. नाही. आता नाही. तुम्ही समोर बसलात की मी तुमच्याकडे बघेन, आणि मला सध्या फक्त पोटाकडे बघायचंय.

— मी

२० ऑगस्ट

बाबा,

काल छत्तीस झाले. बाईंनी गोळी बंद केली. मी म्हटलं, अजून दोन आठवडे घेतली तर? चार वर्षं जिच्यासाठी भांडले ती गोळी सोडवेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही बापलेक सारखेच. एकाला द्यायची नाही, दुसरीला सोडायची नाही." मला हे आवडलं नाही.

संध्याकाळी जेवण झाल्यावर हात आपोआप फळीकडे जातो. आता काही करायला उरलं नाही, नुसतं बसायचं. मालकीणबाईंनी अखेर गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. पाय सुजलेत. बाई म्हणतात एवढी सूज चालते, बीपी थोडं वर सरकलंय, एक दिवसाआड येऊन दाखवायचं. मी दिवसातून दहादा पायांवर बोट दाबून बघते.

मला आज आई हवी होती. ती नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. यातून दुसरा काही अर्थ काढू नका.

— मी

६ सप्टेंबर

बाबा,

मुलगी झाली. चार दिवस झाले. दोन किलो सातशे. आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्याच दिवशी खोली बदलून मागत होती.

शेवटच्या आठवड्यात बीपी चढलंच. एकशे पन्नास झालं तशी बाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही, आणि कळा आणल्या. मी घाबरले होते, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही. टेबलावर मी त्यांचा हात धरून विचारलं, "पुन्हा तेच ना?" त्या म्हणाल्या, "तेच असेल तर या वेळी दहा आठवडे उशिरा आलंय. तेवढं पुरतं आपल्याला." आणि पुरलं.

गोळीनं केलं का? मी विचारलं. त्या म्हणाल्या, एका बाईवरून कधीच सांगता येत नाही. मला आता तसल्या उत्तराचा राग येत नाही. सांगायचं तर, मी गोळी घेतली, मला विचारून घेतली, रोज घेतली, दोन दिवस सोडून. पोरगी समोर आहे.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी कवळीवाल्याला बाहेर पाठवलंय.

मागच्या वेळी तुम्ही दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होतात. मला माहीत होतं. सिस्टर येऊन सांगायची, वडील बाहेर आहेत, डबा आणलाय. मी म्हणायचे, घालवून द्या. मुलगा गेल्यावर तुम्ही कवळीवाल्याकरवी विचारलंत, एकदा बघू द्या, दारातूनच बघतो. मी नाही म्हटलं. त्यानं हात जोडले माझ्यापुढे तरी नाही म्हटलं. बाळाला घेऊन गेले तेव्हा तुम्ही जिन्यात उभे होतात आणि तुम्हाला फक्त कापड दिसलं. ते मी ठरवून केलं. सगळ्यांना सांगितलं की ज्यानं गोळी दिली नाही त्याला बघायचा हक्क नाही. लोकांना ते पटलंही.

पण कारण ते नव्हतं, किंवा तेवढंच नव्हतं.

सिस्टरनं तो माझ्या हातात दिला तेव्हा मी त्याचं सगळं पाहून घेतलं, घाईघाईनं, कोणी काढून घेईल म्हणून. बोटं कवळीवाल्याची. हनुवटी माझी असावी. आणि मग टोपी जरा मागे सरकली. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की तुम्ही आत आला असतात तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. मला तो पुरता माझा हवा होता, आणि तो तसा नव्हता.

हे मी कवळीवाल्यालाही सांगितलेलं नाही. मला वाटायचं, हे तुम्हाला कधीच कळू द्यायचं नाही, हीच माझी तुम्हाला शिक्षा. चार वर्षं ती मी पार पाडली. आता दमले.

तुम्ही या. मी माफ केलंय असं समजून येऊ नका, ते झालेलं नाही आणि होईल असं वचनही देत नाही. मुलीला बघा, तिला घ्या, तिची ओरड ऐका. आणि मग माझ्याजवळ बसून त्याच्याबद्दल विचारा. मला कोणीच विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, आता ही झाली, आता तो विषय नको. मला तो विषय हवाय. मी सांगेन तुम्हाला, एक एक करून सगळं, कारण तुमच्याइतकं ते कोणाच्याच कामाचं नाही.

तो एक किलोचासुद्धा नव्हता, बाबा, आणि त्याचे कान तुमचे होते.

— मी